सिल्लोडहून ऐकू आलेला ठोका

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. पण खरं सांगायचं तर चुका काढण्यासाठी वाचते. माझी सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. निवृत्त झाले तरी लाल पेनाची सवय गेली नाही. कुणाला चिंचेखाली बाई दिसली की मी समासात लिहायचे, ‘उजेड किती होता?’ कुणाला मेलेल्या आजोबांचा आवाज आला की, ‘डॉक्टरांना कान दाखवले का?’ आमचे हे म्हणायचे, बिचाऱ्यांनी मनापासून लिहिलंय, त्यांना मार्क कसले देतेस...

आता त्याच सदरात मी लिहिते आहे. तुम्हीही लाल पेन घेऊन बसा, माझी हरकत नाही. मी फक्त जे झालं ते क्रमानं सांगणार आहे. चूक सापडली तर कळवा. माझी स्वतःची सापडेल तेवढी शोधून झाली आहे.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहतो. आमचे हे म्हणजे भास्करराव, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. निवृत्तीनंतरही आठवड्यातून तीन दिवस नव्या मुलांना शिकवायला जातात. मोटर, पंप, कॉम्प्रेसर यांच्याशी ते जितक्या मायेनं बोलतात तितक्या मायेनं माझ्याशी कधी बोलले नाहीत, असं मी नेहमी म्हणते. ते नाकारत नाहीत.

यांना काम शिकवलं हबीब उस्तादांनी. उस्ताद मूळचे सिल्लोडचे, आता तिथंच मुलाकडे असतात. वय ऐंशीच्या पुढं. लहानपणी दोन्ही कान फुटले ते कायमचे, कानाशी ओरडलं तर थोडंफार पोचतं. असा माणूस मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण त्यात चमत्कार काही नाही. उस्तादांकडे शहागंजच्या बाजारातून तरुणपणी घेतलेला एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. त्याचं टोक मशीनवर टेकवायचं आणि मूठ दातांत धरायची. आवाज लोखंडातून लाकडात, लाकडातून दातांत, दातांतून कवटीच्या हाडात आणि तिथून थेट आतल्या कानात. बाहेरचा कान लागतच नाही. मी वर्गात हा प्रयोग मुलांना ट्यूनिंग फोर्क दातांत धरायला लावून दाखवायचे, आणि उदाहरण म्हणून उस्तादांचं नाव सांगायचे. त्या मुठीवर त्यांच्या दातांच्या दोन खोलगट ओळी पडलेल्या आहेत.

त्यांची आणखी एक पद्धत होती. दुरुस्ती झाली की ते मशीन चालवून बघायचे, दातांत स्क्रू ड्रायव्हर धरून बराच वेळ ऐकायचे, मग मशीनवर दोन बोटं टकटक वाजवून म्हणायचे, “चालू द्या.” एवढंच. चांगलं झालं, बरोबर आहे, असलं काही नाही. आणि ते दोन शब्द येईपर्यंत अख्ख्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, कुणी त्या मशीनवर माल चढवायचं नाही, साहेब आला तरी. उस्ताद निवृत्त झाल्यावर ही पद्धत यांनी उचलली. आमचा मिक्सर दुरुस्त झाला तरी मला “चालू द्या”ची वाट बघावी लागते.

आता आजाराकडे येते. मागच्या वर्षी श्रावणात यांच्या मानेवर मागच्या बाजूला काळपुळी झाली. यांना मधुमेह आहे. मी म्हटलं डॉक्टरला दाखवा. पण फिटर माणसाची एक खोड असते, कुठं फुगवटा दिसला की तो दाबून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. यांनी आरशात बघून, सुई गॅसवर लाल करून ती स्वतःच फोडली, वर हात पुसायच्या कापडानं दाबून धरली, आणि मला सांगितलं, “प्रेशर रिलीज केलं.” मी खूप बोलले. बोलून उपयोग नव्हता, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. पाचव्या दिवशी हे मला ओळखेनात, ‘तुमचा गेटपास कुठंय’ असं विचारायला लागले. जालना रोडवरच्या एका हॉस्पिटलात नेलं, तिथून थेट आयसीयूत. काळपुळीतले जंतू रक्तात पसरले होते. सेप्सिस. रक्तदाब खाली, किडनी थकलेली, श्वासाला मशीन लावलेलं, झोपेचं औषध चालू. आयसीयूच्या डॉक्टर एक तरुण मॅडम होत्या, डॉ. वैद्य. त्या माझ्याशी नीट बसून बोलल्या. म्हणाल्या, असे जंतू रक्तात फिरताना हृदयाच्या झडपांवर बसू शकतात, म्हणून इको केला, पण झडपा स्वच्छ आहेत, ती एक चिंता तूर्त मिटली. औषध जंतूला लागू पडणारं आहे. तरी ताप उतरत नव्हता. त्यालाच त्या कातावल्या होत्या.

मुलगी तेजू पुण्याहून आली. आयसीयूत भेटायला दुपारी बारा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता, दर वेळी एकालाच सोडत. बाकीचा दिवस आम्ही मायलेकी बाहेरच्या खुर्च्यांवर. आम्ही ठरवून एक गोष्ट केली होती, सिल्लोडला कळवलं नव्हतं. उस्तादांना कळलं असतं तर त्या वयात ते पुढच्या एसटीनं निघून आले असते. यांच्या कारखान्यातल्या कुणाशी त्यांचा संबंध राहिलेला नाही, त्यांच्याबरोबरचे सगळे पांगले. म्हणजे कळायला मार्गच नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं मी यावर फार डोकं घासलं आहे.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला मला फोन आला. उस्तादांची सून शबाना. तिचा फोन ईदला आणि दिवाळीला येतो, एरवी नाही. तिनं आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग अडखळत म्हणाली, “काकी, भास्करकाका बरे हायेत ना?”

मी खोटं बोलले. म्हटलं, बरे आहेत, का गं?

ती म्हणाली, काही नाही, अब्बांनी डोकं खाल्लंय म्हणून विचारलं. मग तिनं सांगितलं ते असं. निवृत्त झाल्यापासून उस्तादांना एक चाळा आहे. दुपारचं जेवण, जोहरची नमाज झाली की ते आपल्या लोखंडी पलंगावर बसतात, स्क्रू ड्रायव्हरचं टोक पलंगाच्या पायाला टेकवतात आणि मूठ दातांत धरून ऐकत राहतात. समोर पिठाची गिरणी आहे, रस्त्यावरून मक्याचे ट्रक जातात, त्यांची थरथर जमिनीतून येते. गिरणीवाल्याला त्यांनी दोनदा बेअरिंग गेल्याचं आधीच सांगितलंय, तो त्यांना मानतो. पण मंगळवारपासून ते काही वेगळंच सांगत होते. त्यांना एक ठोका ऐकू येत होता, आणि तो भास्करचा आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

“भास्करकाकांच्या मशीनला म्हणतात का खुद्द काकांना, ते मला उमगंना,” शबाना म्हणाली. “नुसतं म्हणतात, भास्करचं ऐकू येतंय. चार ठोके पडतात, पाचवा गळतोय. झडपा टाईट हायेत, पर भितीत पोकळी पडलीय, ती खोला. अन् लवकर खोला, बॉडी फाटंल. मी म्हनलं अब्बा, काका घरी बसलेत, कोनती मशीन? तर माझ्यावरच चिडले. म्हनले, मास्तरीणबाईला फोन लाव.”

मास्तरीणबाई म्हणजे मी.

मी चमकले हे नाकारत नाही. पण पुढच्याच क्षणाला माझ्यातली शिक्षिका जागी झाली. म्हटलं, ऐंशी वर्षांचे गृहस्थ, दिवसभर रिकामे, लाडक्या शागिर्दाची आठवण आली असेल. मशीनच्या भाषेत बोलायची सवय. झडपा, पोकळी, बॉडी हे सगळे पंपाचे शब्द आहेत. योगायोग. मी शबानाला म्हटलं, त्यांना सांग, काळजी करू नका. फोन ठेवला.

पाच वाजता आत गेले ती मात्र थेट मॉनिटरकडे बघत. पूर्ण दोन मिनिटं ठोके मोजले. एकही गळलेला नव्हता. हिरवी रेष एका मापानं चालली होती. मला इतकं हायसं वाटलं की मी यांच्या कानाशी वाकून म्हटलं, तुमच्या उस्तादांचं या वेळी चुकलं बरं का. बाहेर येऊन तेजूला सगळं सांगितलं. तीसुद्धा हसली, कितीतरी दिवसांनी. डॉक्टरांना मी काहीच बोलले नाही.

तो एक दिवस मी वाया घालवला. हे मी कुणाला तोंडानं सांगितलेलं नाही, इथं लिहिते आहे. मला लाज वाटली म्हणून मी बोलले नाही. जन्मभर मुलांच्या हातातले गंडे सोडवले, आता मीच डॉक्टरांना सांगू की सिल्लोडच्या पलंगातून निरोप आलाय?

शुक्रवारी बारा वाजता माझी पाळी होती. आत गेले. यांचा चेहरा मेणचट दिसत होता. मी हात धरला आणि सवयीनं मॉनिटरकडे पाहिलं. टुक, टुक, टुक, टुक... आणि मोकळी जागा. पुन्हा चार, पुन्हा मोकळी जागा. मी बोटांवर मोजलं. वर्गात मुलं मोजतात तसं, एकेक बोट दुमडून. अंगठ्याला पोचले की दर वेळी रेष सपाट. मी दहा वेळा मोजलं. दहाही वेळा पाचवा गळला.

बाहेर आले तर डॉ. वैद्य शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत होत्या. मला बघून थांबल्या. त्यांनीच सांगितलं की सकाळपासून ठोके मधेच चुकतायत, ताप आहेच, कारण शोधायचंय. घशातून नळी घालून करायचा दुसऱ्या प्रकारचा इको आहे, त्यात हृदयाची मागची बाजू नीट दिसते. पण पेशंट नाजूक आहे, रक्तदाब टिकत नाही. दोन दिवस जरा सावरू दे, सोमवारी करू, असा विचार चाललाय.

सोमवारी. आणि उस्तादांनी निरोप दिला होता, लवकर खोला.

तेजूनं माझा चेहरा बघितला आणि तिला कळलं. ती हळूच म्हणाली, “आई, तू हे सांगणार? तू?”

मला अजून तो क्षण आठवतो. खुर्च्यांच्या रांगेत एक जण केळं सोलत होता, भिंतीवर हात धुण्याचं चित्र लावलेलं होतं. एका बाजूला माझी सगळी अक्कल आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस, ज्याच्याशी चाळीस वर्षं मी चहात साखर किती यावर भांडले. मला तो माणूस हवा होता. बाकी कशाची मला पर्वा राहिली नाही.

मी म्हटलं, डॉक्टर, मी विज्ञान शिकवलंय, मी असल्या गोष्टी मानत नाही, पण माझ्याकडे एक निरोप आलाय आणि तो मी काल तुमच्यापासून लपवला. मग उस्ताद, स्क्रू ड्रायव्हर, पलंग, चार ठोके, झडपा, पोकळी, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या हसतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे समजुतीनं मान हलवतील, असं वाटलं होतं.

त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “हे काल किती वाजता सांगितलं त्यांनी?”

म्हटलं, मला चार वाजता. ते मंगळवारपासून सांगतायत.

त्या म्हणाल्या, “काल चार वाजता यांचा एकही ठोका चुकत नव्हता.” आणि जरा थांबून, “झडपा ठीक आणि भिंतीत पोकळी... असं होतं. फार क्वचित, अगदी सिरियस पेशंटमध्ये होतं. जंतू झडपेवर न बसता हृदयाच्या स्नायूतच घर करतात, तिथं पू साठतो. ठोक्याच्या वायरी त्याच भिंतीतून जातात.”

पुढं त्या कुणाशी बोलल्या, काय ठरवलं, मला माहीत नाही. त्यांनी माझ्या सांगण्यावरून केलं असं मी म्हणणार नाही, त्याही तसं म्हणत नाहीत. ठोके चुकत होतेच, त्यांच्या मनात होतंच. पण सोमवारचा इको शुक्रवारी तीन वाजता झाला, तिथंच बेडपाशी, हे मात्र खरं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत सुपारीएवढी पोकळी होती, पुवानं भरलेली. पाच वाजता सर्जन येऊन बघून गेले, शनिवारी सकाळी ऑपरेशन झालं. सर्जन बोलायला तुटक. ऑपरेशननंतर बाहेर येऊन म्हणाले, भिंत एका ठिकाणी कागदासारखी झाली होती, सोमवारपर्यंत टिकली नसती. एवढं बोलून ते चहाला गेले.

मी खुर्चीवर बसून रडले. तेजू पाणी आणायला गेली तेवढ्यात शबानाला फोन लावला आणि पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, अब्बांना मी कसं सांगू, कानात ओरडले तर गल्ली गोळा होईल, पाटीवर लिहून दाखवते. थोड्या वेळानं तिचाच उलटा फोन आला. उस्तादांनी पाटी वाचली, मान हलवली आणि निवांत झोपून गेले. चार दिवसांत पहिल्यांदा दुपारचे झोपले, म्हणाली.

पुढचे सहा आठवडे अँटिबायोटिकचे. ठोक्याची वायरिंग बिघडली ती बिघडलीच, म्हणून यांच्या छातीत कातडीखाली पेसमेकर बसवला. मिनिटाला साठच्या खाली ठोके गेले की तो स्वतः ठोका देतो. शांत बसलेले असले की यांची नाडी साठ, बरोब्बर साठ, घड्याळाच्या सेकंद काट्याबरोबर. हालचाल केली की वाढते. यांना त्या पेसमेकरचं केवढं कौतुक, येईल त्याला सांगतात, बॅटरी कितीची, गॅरंटी कितीची.

घरी आल्यावर मात्र नवीनच ताल सुरू झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं चाला, जिना चढा, हळूहळू नेहमीसारखं वागा. हे पलंग सोडायला तयार नाहीत. गच्चीत जा म्हटलं तर नको. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणा म्हटलं तर नको. मला वाटलं घाबरलेत. महिना गेला, रिपोर्ट चांगले आले, डॉ. वैद्यांनी स्वतः दरडावलं, तरी तेच. शेवटी मी चिडून विचारलं, आता कशाची वाट बघताय?

हे अगदी शांतपणे म्हणाले, “उस्तादांनी अजून चालू द्या म्हटलेलं नाही.”

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या रविवारी तेजूनं गाडी काढली आणि आम्ही सिल्लोडला गेलो. फुलंब्री मागं पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. हे खिडकीतून बघत होते, मधेच छातीवर हात ठेवत होते. परीक्षेला निघालेल्या मुलासारखे दिसत होते.

उस्तादांचं घर छोटं आहे, पुढं अंगण, अंगणात पेरूचं झाड. उस्ताद दारातच उभे होते. खूप वाळलेत, दाढी सगळी पांढरी, पण दात शाबूत. यांना बघून त्यांनी एक शिवी हासडली, ती इथं लिहिता येणार नाही, आणि मिठी मारली. दोघेही म्हातारे रडले. मग त्यांनी यांना पलंगावर बसवलं, शर्टाची दोन बटणं काढायला लावली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक फडक्यानं पुसून छातीच्या मधल्या हाडावर अलगद टेकवलं आणि मूठ दातांत धरून डोळे मिटले.

शबाना स्वयंपाकघराच्या दारात, तेजू खिडकीपाशी, मी भिंतीला टेकून. समोरची गिरणी बंद होती, लाइट गेलेली होती. किती वेळ गेला कोण जाणे. उस्तादांनी डोळे उघडले, स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि यांच्या छातीवर दोन बोटं वाजवली.

“चालू द्या,” म्हणाले.

हे ताडकन उठले आणि कुणाला न विचारता अंगणात गेले. पेरूच्या झाडाखाली खुर्ची ओढून बसले, वर बघून कुठला पेरू पिकलाय ते तेजूला सांगायला लागले. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

मी मात्र उस्तादांना सोडणार नव्हते. पाटी घेतली आणि लिहिलं, ‘तुम्हाला कसं कळलं?’

ते हसले. म्हणाले, “मास्तरीणबाई, तुमी शिकिवणारी मानसं, तुमीच सांगा. मला नाय कळत. तेवीस वर्सं त्याच्या बाजूला हुबा व्हतो. मशीन बंद झाल्या की याचंच ऐकू यायचं मला. पर ते शॉपमधी. हितं कसं आलं, ते त्या मालकाला ठावं.”

मी लिहिलं, ‘इथून हॉस्पिटल साठ किलोमीटरच्या वर आहे.’

“व्हय, लई लांब हाय,” ते म्हणाले, आणि विषय संपल्यासारखा स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढं धरला. “ऐकून बघा.”

मी विचार केला, बघू तरी. मूठ पुसली, टोक पलंगाच्या पायाला टेकवलं, मूठ दातांत धरली. लाकडाला जुन्या तेलाचा वास होता. आधी काहीच नाही. मग दूरवर एखादा ट्रक गेल्यासारखी घरघर. ती विरली. आणि मग मला ठोका ऐकू आला.

साहजिक आहे, मी मनात म्हटलं, दातांत काही घट्ट धरलं की आपल्याच रक्ताचा आवाज येतो. तरी हातातल्या घड्याळाकडे बघून मोजायला लागले. एक मिनिट. साठ. शंका नको म्हणून आणखी एक मिनिट. साठ. इतके एका मापाचे की सेकंद काटा आणि ठोका एकदमच पडत होते. मग दात न सोडता मी डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं स्वतःच्या मनगटावर लावली. माझी नाडी नव्वद होती. आणि ठोका आपला वेगळाच, साठच्या चालीनं, दातांत.

खिडकीतून अंगण दिसत होतं. हे खुर्चीत बसलेले, पाय मातीवर, पेरू खात.

उस्ताद माझ्याकडेच बघत होते. “आला?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते म्हणाले, “मंग ह्यो घिऊन जा. माझ्याकडं दुसरा हाय. मी आता म्हातारा झालो, मला दुपारचं झोपू द्या. त्याचं ऐकायचं काम आता तुमचं.”

आता लाल पेन काढा. ध्वनी लोखंडातून सेकंदाला पाचेक किलोमीटर जातो, मान्य. पण इथून सिल्लोडपर्यंत सलग लोखंड कुठंय? रेल्वेचे रूळ असते तर मी काहीतरी जुळवलं असतं, सिल्लोडला रेल्वेही नाही. माणसाच्या हृदयाची थरथर छातीबाहेर जेमतेम पोचते. डॉ. वैद्यांनी नंतर माझ्यासाठी मॉनिटरच्या नोंदी काढून बघितल्या, शुक्रवारी सकाळच्या आधी एकही ठोका गळलेला नाही. म्हणजे उस्तादांनी मंगळवारी ऐकलं ते तेव्हा झालेलंच नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, तुमचं काय मत? त्या म्हणाल्या, मला फक्त त्यांना एकदा भेटायचंय. तेजू म्हणते, सोड ना आई. हे म्हणतात, उस्ताद आहेत ते, त्यात काय एवढं!



हे आता पुन्हा आठवड्यातून तीन दिवस चिकलठाण्याला जातात. दुपारी भांडी आवरली की मी आतल्या लोखंडी पलंगावर बसते, टोक पायाला टेकवते आणि मूठ दातांत धरते. उस्तादांच्या दातांच्या ओळीत माझे दात नीट बसत नाहीत, मी थोडं पुढं धरते. बहुतेक दिवशी साठ येतात. परवा अचानक शंभर आले. मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, जिना चढताय ना, हळू चढा. हे धापा टाकत म्हणाले, “तुला कसं कळलं?”

मी म्हटलं, जरा बसा. मग फोन ठेवून पुन्हा मूठ दातांत धरली आणि साठ होईपर्यंत ऐकत राहिले.